घोडकाठची माती

कारेगावात कधीही या, कुठे ना कुठे पाया खणलेला दिसतो. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या माणसांना राहायला खोल्या लागतात, म्हणून कालपर्यंत जिथं बाजरी किंवा कांदा होता तिथं आज जेसीबी चालू असतो. खड्ड्याच्या कडेला जमिनीचा उभा छेद उघडा पडतो. वर हात-दीड हात काळी माती, तिच्याखाली पिवळसर तपकिरी थर आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, आणि त्याखाली कातळ. येणारे-जाणारे तिथं गुंठ्याचा भाव विचारतात. मी मूठभर माती उचलतो, बाटलीतलं थोडं पाणी टाकून ती बोटांत मळतो, तिची बारीक वळी करतो आणि ती करंगळीभोवती गुंडाळून बघतो. वळी न तडकता वळली की पिशवी भरून खोलीवर आणतो.

मातीची भांडी करणं हा माझा छंद आहे. पोटापाण्याचं काम वेगळं. मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. डिप्लोमा झाल्यावर नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. काम हीट ट्रीटमेंटचं. गिअर, शाफ्ट असे पोलादाचे भाग आमच्याकडे येतात. ९०० ते ९३० अंशांच्या फर्नेसमध्ये कार्बन असलेल्या वायूत ते कित्येक तास राहतात आणि त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरतो. मग तेलात क्वेंचिंग, मग कमी उष्णतेवर टेम्परिंग. वरचा थर कडक होतो, आतला गाभा चिवट राहतो. थर्मोकपल तापमान सांगतं, कंट्रोलर ते सांभाळतो, आलेख आपोआप निघतो. पाळी बदलताना आकडे लिहायचे, सही करायची.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एक जुने सुपरवायझर होते. फर्नेसचं झाकण उचललं की ते आधी आत डोकावून रंग बघायचे आणि मगच पडद्यावरचा आकडा वाचायचे. अंधारात लोखंड जेमतेम लाल दिसू लागलं की साडेपाचशे-सहाशे, चांगलं लाल झालं की साडेसातशे, केशरीकडे झुकलं की नऊशेच्या पुढे. त्यांनी मला हे रंग ओळखायला लावले. त्या वेळी त्याचा उपयोग काय, हे मला कळलं नव्हतं. उपयोग झाला तो पुढे कुंभाराच्या आव्यापाशी.

छंदाची सुरुवात पुण्यातल्या एका स्टुडिओत झाली. रविवारचा वर्ग होता. विजेचं चाक, प्लास्टिकच्या पिशवीतली तयार माती, शिकवायला एक बाई. पहिल्यापासून मला जे आवडलं ते मातीचा गोळा मध्यावर आणणं. चाक फिरत असतं, गोळा डगमगत असतो. कोपर मांडीला घट्ट टेकवायचं, डाव्या तळहातानं बाजूनं रेटायचं, उजव्यानं वरून दाबायचं आणि हात हलू द्यायचा नाही. माती हाताला धक्के देत राहते. मग एका क्षणी धक्के थांबतात. चाक तितक्याच वेगानं फिरत असतं, पण तळहाताखाली काहीच हलत नाही. हे शरीराला समजतं, विचार करून साधत नाही. रात्रपाळीत आठ तास आकडे बघून आल्यावर मला याची गरज असते. त्या वेळेपुरतं डोक्यात दुसरं काही शिरत नाही. भांडं चांगलं झालं नाही तरी तेवढ्यानं माझा दिवस सार्थकी लागतो.

पुढे एक प्रश्न सतावू लागला. पिशवीतली ती माती राजस्थान-गुजरातेतल्या मातींचं मिश्रण होती. उत्तम, एकसारखी, कधी दगा न देणारी. पण मी ज्या जमिनीवर राहतो तिच्या मातीचं काय? गावोगावचे कुंभार तिचीच भांडी करत आले. तिचे गुण काय, खोडी काय, ती किती आकसते, किती उष्णता सोसते, हे मला ठाऊक नव्हतं. ज्याचं रोजचं काम एखादा पदार्थ आगीत काय करतो ते पाहण्याचं आहे, त्याला हे न कळणं पटेना. मग घोड नदीच्या काठच्या एका गावातल्या कुंभारांकडे जाऊ लागलो. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणतो. नाव मुद्दाम देत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

तात्यांनी मला लगेच चाकावर बसवलं नाही. आधी त्यांच्या घरच्या काकूंच्या हाताखाली दिलं. कुंभाराच्या घरी चाक पुरुष फिरवतो, म्हणून त्याचंच नाव होतं. पण माती घडवतात त्या बायका. गाळ उन्हात वाळवायचा, ढेकळं फोडायची, खडे निवडायचे, चाळायचं, भिजत घालायचं, पायानं तुडवायचं, त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळायची, पुन्हा मळायचं. यातलं बहुतेक काम काकूंच्या अंगावर. मातीची पारख तात्यांपेक्षा त्यांना जास्त आहे, आणि तात्या ते मोकळेपणानं कबूल करतात. चिमूटभर ओली माती त्या दातांखाली धरतात. करकर लागली तर बारीक रेती आहे, गुळगुळीत लागली तर चिकण. मी हे शिकलो आणि आता कुठेही करतो. प्रयोगशाळेत कणांचा आकार मोजायची साधनं असतात, पण रेती आणि चिकणमाती यांच्यातला फरक दात लगेच सांगतात.

लिदीचं कारण मला फार आवडलं. लिदीत गवताचे न पचलेले बारीक धागे असतात. ओल्या मातीला ते आतून बांधून ठेवतात, त्यामुळे वाळताना भेगा कमी पडतात. भाजताना ते जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून माठाचं पाणी हळूहळू पाझरून बाहेर येतं, वाऱ्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. चुलीवरच्या मडक्यालाही या पोकळ्यांचा आधार असतो, कारण एका बाजूनं एकदम तापल्यावर जो ताण येतो तो पोकळीपाशी अडतो आणि चीर पुढे धावत नाही.

माठ करण्याची पद्धत तर स्टुडिओत पाहिलेल्यापेक्षा अगदी निराळी. चाकावर फक्त तोंड, गळा आणि जाड बाजूंचं बिनबुडाचं अंग तयार होतं. ते थोडं सुकू द्यायचं. मग आत डाव्या हातात दगडी गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत जायचं. अंग पातळ होत जातं, पोट फुगतं आणि शेवटी बूड मिटतं. तात्यांचा हात चालू असताना ठोक्यांना एक चाल असते, आणि जिथं जाडी कमी-जास्त असेल तिथं आवाज बदलतो. ते बघत नाहीत, ऐकतात. आमच्याकडे तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कोण कच्चं, कोण पक्कं ते सांगितलं, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. ती सांगणाऱ्याला कुंभारकाम आतून ठाऊक होतं, हे मला तात्यांच्या अंगणात समजलं.

मग मी माझ्या पद्धतीनं मातीचा अभ्यास सुरू केला. हातात येईल त्या मातीच्या पट्ट्या करायच्या, प्रत्येकीवर ओली असताना बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची. वाळल्यावर मोजायची, भाजल्यावर पुन्हा मोजायची. वरच्या काळ्या मातीची पट्टी भाजण्यापर्यंत पोचतच नाही, वाळतानाच वाकडी होते आणि चिरते. बेसाल्ट खडक कुजून झालेल्या या मातीतला मुख्य चिकण पदार्थ पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला की तितकाच आकसतो. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच पट्टीला पडतात. नदीकाठचा आणि तळ्याचा गाळ शहाणा. वाहत आलेला असल्यानं त्यात रेती मिसळलेली असते, त्यामुळे तो बेतानं आकसतो. कुंभार शेतातली काळी सोडून गाळाच्या मागे का जातो, याचं उत्तर त्या रेघांमध्ये मिळतं.

या पट्ट्या करताना एक गोष्ट कळली आणि मी फार खूश झालो. जोसाया वेजवूड हा इंग्लंडमधला कुंभार. त्यानं १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे भट्टीचं तापमान मोजायचं एक साधन मांडलं. मातीच्या ठरावीक मापाच्या छोट्या वड्या भट्टीत ठेवायच्या, मग निमुळत्या खाचेत सरकवून त्या किती आकसल्या ते बघायचं. जितकी आच जास्त, तितकी वडी आत सरकते. त्याच्या मोजपट्टीचे अंश पुढे चुकीचे ठरले. पण पाऱ्याचा तापमापक जिथं चालत नाही तिथली आच अंकांत पकडण्याची त्याची धडपड मोलाची होती, आणि पुढच्याच वर्षी सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं. माझ्या फर्नेसवरच्या कंट्रोलरच्या मागच्या पिढ्यांमध्ये एक कुंभार उभा आहे, ही माहिती मी कामावर सगळ्यांना सांगितली.

इथल्या मातीची सर्वांत मोठी खोड चुनखडी. पहिल्यांदा मी स्वतः चाळलेल्या गाळाच्या पणत्या भाजल्या. भट्टीतून निघाल्या तेव्हा छान तांबूस, कुठे डाग नाही. चार दिवसांनी बघतो तर जागोजागी टवके उडालेले, आणि प्रत्येक टवक्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. तात्यांनी नुसत्या नजरेनं सांगितलं, "आरं, चुना हाय ह्यात." झालं होतं असं की गाळातले चुनखडीचे बारीक कण ८०० अंशांच्या पुढे भाजून त्यांची कळीच्या चुन्यासारखी अवस्था झाली. नंतर हवेतला ओलावा पिऊन ते फुगले आणि वरची माती उडवून बाहेर आले. पावसाळ्यात हे आणखी लवकर होतं. उपाय तीन, आणि तिन्ही तात्यांना ठाऊक. माती आणखी बारीक चाळणीतून काढायची, कारण कण जितका लहान तितकं त्याचं फुगणं निरुपद्रवी. आच फार चढू द्यायची नाही. आणि भाजून निघालेली भांडी कोमट असतानाच पाण्यात बुडवायची, म्हणजे चुना तिथल्या तिथं विरून मऊ होतो आणि टवका उडवण्याइतका जोर धरत नाही. वीटभट्टीवालेही हेच करतात. गावठी पणती किंवा मडकं ताजं असतानाच पाण्यात का बुडवतात, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. त्याच्यामागे नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा पांढऱ्या खड्यांचा थर आहे.

आता आव्याबद्दल. तात्यांचा आवा उघडा असतो. जमिनीवर गोवऱ्यांचा थर, त्यावर बाभळीचं जळण, त्यावर पालथी रचलेली भांडी, मोठी मध्ये, लहान कडेला, फटींत पुन्हा गोवऱ्यांचे तुकडे. वर उसाचं पाचट, फुटक्या खापरांचं आवरण आणि राखेचा लेप. संध्याकाळी पेटवतात, रात्रभर आतल्या आत धुमसतो. पहिले काही तास सर्वांत जोखमीचे. भांडं वाळलेलं दिसलं तरी त्यात ओल असते. शंभर अंशांच्या आसपास तिची वाफ होते आणि आच घाईनं चढली तर ती भांडं फोडून बाहेर पडते. पुढे साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान मातीच्या रेणूंमध्ये बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, आणि तिथून माती कायमची बदलते. त्यानंतर ती पाण्यात टाकली तरी पुन्हा चिखल होत नाही.

एकदा तात्यांच्या परवानगीनं मी माझं थर्मोकपल आणि हातात धरायचा छोटा मीटर घेऊन आव्यापाशी रात्र काढली. मध्यभागी एक तार, कडेला एक. मध्यभाग हळूहळू आठशेपर्यंत चढला, कडा बऱ्याच मागे राहिली. मी आकडे वाचत होतो आणि तात्या खापरांच्या फटीतून आत बघत होते. मीटरवर सातशे पार होताना ते म्हणाले, "आता लाल धरलं." आठशेच्या जवळपास वाऱ्याच्या बाजूला त्यांनी राखेचा आणखी एक लेप दिला, आणि आकडा चढायचा थांबला. जुन्या सुपरवायझरांनी मला शिकवलेले रंग आणि तात्यांचे रंग एकच होते. फरक इतकाच की पोलाद आतून काढून लगेच तेलात टाकायचं असतं आणि मडकं मात्र सकाळपर्यंत तिथंच ठेवायचं. मातीतल्या वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण ५७३ अंशांना आपली रचना बदलतात. उतरताना हा टप्पा घाईनं गेला तर भांड्याला केसाएवढी चीर पडते. आवा लवकर उघडायचा नाही, हा नियम तात्यांना आजोबांकडून आला. मला त्यातला आकडा पुस्तकातून कळला. दोन्ही माहीत असण्याचा आनंद वेगळाच आहे.

काळी भांडी हवी असतील तर शेवटी आव्याची हवा पूर्ण कोंडतात. लोखंडामुळे लाल झालेली माती धुरात काळी होते आणि कार्बन तिच्या छिद्रांत बसतो. हवा कमी, कार्बन भरपूर, आच मोठी: माझ्या रोजच्या कार्बुरायझिंगच्या फर्नेसमध्येही हेच वातावरण मुद्दाम निर्माण करतात. हे लक्षात आल्यापासून कामावरच्या फर्नेसकडे मी जास्त आस्थेनं बघतो.

आमच्याच शिरूर तालुक्यात, घोडच्याच काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची माणसं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. जव पिकवणारी, गुरं पाळणारी, नदीचं पाणी पाटानं वळवून घेणारी माणसं. त्यांच्या घरांत कुंभाराचंही घर सापडलं आणि भांडी भाजायची मोठी गोल भट्टीही सापडली. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात तर बसलेल्या स्थितीत पुरलेला माणूस मिळाला. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. धान्य, पाणी, मरण, सगळं मातीच्या भांड्यात.

पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मी ती भांडी बघितली. जोर्वे संस्कृतीची म्हणून ती ओळखली जातात. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी अशी भांडी आधी मिळाली, तिथं १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं होतं. लाल अंगावर काळ्या रेघांची नक्षी, धारदार कंगोऱ्याचे वाडगे, लांब तोटीचे चंबू. अंग पातळ, माती अतिशय बारीक गाळलेली, आणि भाजणी इतकी पक्की की अशा खापराला टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो, असं अभ्यासक नोंदवतात. काचेपलीकडे हात जात नाही, पण मला ते पटतं. कडा किती पातळ आहे ते दिसतं, आणि कुठेही चुन्याचा टवका नाही. याच नदीचा गाळ, हेच चुनखडीचे खडे त्यांच्याही वाट्याला होते. तरी त्यांनी माती पाण्यात निवळवून वरचा सूक्ष्म थर तेवढा घेतला असणार. जड रेती आणि खडे आधी तळाला बसतात, वर तरंगत राहतं ते सगळ्यांत बारीक. मी तशी माती निवळवून बघितली आहे. बादलीभर गाळातून ओंजळभर माती मिळते आणि तिला दिवसेंदिवस सुकू द्यावं लागतं. पण ती चाकावर बोटांखाली रेशमासारखी येते.

तिथल्या नंतरच्या काळातल्या बदलांचा मला विशेष विचार करावासा वाटतो. इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर पाऊस कमी झाला असं अभ्यासकांचं मत आहे. इनामगावची मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि भांडीही पूर्वीपेक्षा ओबडधोबड झाली. मला यात कुंभाराचा काही दोष दिसत नाही. धान्य कमी झालं की निवळवलेल्या मातीची वाट बघायला सवड राहत नाही आणि पातळ अंगाच्या तोटीदार चंबूला गिऱ्हाईक राहत नाही. हाताचं कसब टिकायला त्याच्यामागे खाऊनपिऊन सुखी गाव लागतं.

म्हणूनच छंद आणि धंदा यांतला फरक मी विसरत नाही. माझ्या भांड्याला गिऱ्हाईक लागत नाही. एकाच मातीच्या पट्ट्यांत मी महिनेच्या महिने घालवू शकतो. वाकडा वाडगा मोडून पुन्हा भिजत घालू शकतो. तात्यांना हे परवडत नाही. त्यांचं वर्ष ठरलेलं: संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्याचे माठ, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. त्यातही पणत्या आता बाहेरून साच्यातल्या येतात. माठाची गोष्ट तर आमच्या दारातली आहे, कारण याच रांजणगावच्या एमआयडीसीत व्हर्लपूल आणि हायरचे फ्रिज बनतात. गाळ मिळवणंही सोपं राहिलेलं नाही. वीटभट्ट्यांना तो लागतो, आणि २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे तलावातला गाळ शेतांत जातो. शेतांना त्याचा फायदाच आहे. पण गावाच्या गाळात कुंभाराचाही वाटा असतो, ही जुनी रीत कोणी तरी आठवण ठेवून पाळायला हवी. तात्यांचा मुलगा कंपनीत लागला आहे. तो चाकावरून फर्नेसकडे आला आणि मी फर्नेसकडून चाकाकडे गेलो. आम्ही दोघं कधी एका बसला असतो तेव्हा यावर बोलतो. त्याला महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार हवा होता, आणि तो बरोबर आहे.

माझ्यासारख्या छंद करणाऱ्यांनी काय करावं याबद्दल माझं मत ठाम आहे. शहरात आता मातीकामाचे वर्ग भरपूर झाले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण जो पुण्यात हात मातीत घालतो त्यानं एकदा तरी मुंढव्याच्या केशवनगरला किंवा आपल्या तालुक्यातल्या कुंभारवाड्यात जावं, शिकायला जातो त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी, आणि माठ घेताना भाव पाडू नये. एका मगला प्रदर्शनात शेकडो रुपये मोजणारा माणूस माठाच्या वीस रुपयांवरून हुज्जत घालतो तेव्हा मला वाईट वाटतं. त्या मगपेक्षा माठात कसब कमी नाही, जास्तच आहे. काकूंनी तयार केलेली माती मी विकत घेतो, दर त्या ठरवतात. त्यांची माती घेऊन पुण्याला गेलो तर तिथल्या मैत्रिणी आणि मित्र तिच्यावर तुटून पडतात, आणि ही मागणी थोडी तरी वाढावी अशी माझी इच्छा आहे.

सध्या मी ग्लेझच्या मागे आहे. पुण्यातल्या स्टुडिओची विजेची भट्टी १२५० अंशांपर्यंत जाते. त्या आचेला कारेगावची माती भांड्याच्या अंगासाठी चालत नाही. तिच्यातलं लोखंड आणि चुना तिला वितळवतात, आणि वाडग्याचं थारोळं होतं. पण वितळते याचा अर्थ तिचीच झिलई होऊ शकते. म्हणून भांडं पिशवीतल्या पांढऱ्या मातीचं करायचं आणि वरून इथल्या मातीचा पातळ घोळ लावायचा. आच पुरेशी मिळाली की तो वितळून चॉकलेटी काच होतो. मग वाघोली-लोणीकंदच्या बाजूच्या एका खडी क्रशरवरून कातळाची पूड आणली. आपला बेसाल्ट हा मुळात लाव्हाच. तो पुन्हा वितळायला तयार असतो, आणि त्यात लोह भरपूर असल्यानं काळा चकचकीत थर येतो. चुलीची राख त्यात घातली की तिच्यातल्या चुन्यामुळे तो आणखी लवकर पातळ होतो.

ही पूड हाताळताना मी मास्क लावतो, पूड पाण्यात कालवूनच चाळतो आणि फरशी कधी झाडूनं झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. मातीच्या आणि दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठत जाते, आणि तिथं झालेलं नुकसान भरून येत नाही. कारखान्यात हे आम्हाला शिकवतात. घरी छंद करणाऱ्यांनी ते तितकंच मनावर घ्यावं. तात्यांच्या घरीही मी मास्क ठेवले आहेत. काकू वापरतात, तात्या अजून नाही.

आता माती, कातळाची पूड आणि राख या तिघांचं प्रमाण बदलत एका त्रिकोणात नमुने मांडले आहेत. प्रत्येक टोकाला एक पदार्थ, मध्ये त्यांची मिश्रणं. कातळाच्या टोकाला काळं, जाड ग्लेझ येतं. राखेकडे जावं तसं ते पिवळट मधाळ होतं आणि ओघळून भट्टीच्या फळीला चिकटतं. मातीकडे तपकिरी आणि थोडं कोरडं. मधल्या भागात, कातळ निम्म्याहून थोडा जास्त आणि बाकी दोन्ही जवळपास सारखे, तिथं काळ्यावर तांबूस ठिपके उठतात आणि ग्लेझ काठाशी नीट थांबतं. पुढच्या भाजणीत तेवढाच भाग घेऊन त्याचे आणखी बारीक टप्पे करायचे आहेत. बाभळीच्या राखेऐवजी उसाच्या पाचटाची राख घालून बघायची आहे, कारण तिच्यात सिलिका जास्त असते आणि ओघळणं कमी होईल असा माझा अंदाज आहे. पाचट तात्यांकडून घेऊन ठेवलं आहे. काकूंनी ते वेगळं जाळून राख चाळूनसुद्धा दिली.